चाकं निवडायची तर आतून बाहेर या

अलॉय चाकं दुकानात नेहमी तोंड पुढे करून मांडलेली असतात. आवडलेलं चाक खाली घ्या आणि उलटं करून बघा. स्पोकच्या पाठीवर किंवा मधल्या चकतीवर काही अक्षरं आणि आकडे उठवलेले दिसतील: ६.५ जे × १६, ईटी ४५, ५ × ११४.३, आणि कुठेतरी किलोमध्ये दिलेला एक भार. हे चाक तुमच्या गाडीचं आहे की नाही, ते या आकड्यांवरून ठरतं.

बहुतेक जण चाक बाहेरून आत निवडतात. आधी डिझाइन, मग इंच, मग रंग, आणि सगळं ठरल्यावर शेवटी ‘बसेल ना?’ हा प्रश्न. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा करावा. चाक गाडीला जिथे जोडलं जातं तिथून, म्हणजे हबपासून सुरुवात करावी आणि एकेक पायरी बाहेर यावं. प्रत्येक पायरीवर काही चाकं गळतात. शेवटी जी उरतात त्यांतून हवं ते डिझाइन बेधडक घ्यावं. असं केलं की सुंदर चाक घेऊन नंतर ते बसवण्यासाठी जुगाड करत बसण्याची वेळ येत नाही. हे जुगाडच पुढे धोकादायक ठरतात, म्हणून हा आग्रह.

हबपाशी: एक-दोन मिलिमीटरचा खेळ

५ × ११४.३ याचा अर्थ बोल्टची पाच भोकं, आणि त्या पाचही भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर. याला पीसीडी म्हणतात. चार बोल्टच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजलं की तोच आकडा मिळतो.

४ × १०० च्या हबवर ५ × ११४.३ चं चाक चढणारच नाही, तिथे चुकायला जागा नाही. घोटाळा होतो तो जवळजवळच्या आकड्यांत. ४ × १०० आणि ४ × ९८, किंवा ५ × ११४.३ आणि ५ × ११२. इथे प्रत्येक भोक जेमतेम एक मिलिमीटर इकडे-तिकडे असतं. जोर लावून नट आवळले की चाक बसल्यासारखं दिसतं, गाडी चालतेही. प्रत्यक्षात नट एका कडेला टेकलेले असतात आणि बोल्ट वाकलेल्या अवस्थेत ताण सोसत असतात. असे बोल्ट हळूहळू थकतात आणि एखाद्या दिवशी तुटतात. ‘थोडा फरक आहे, पण बसतं’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघावं.

पीसीडी जुळला की मधल्या मोठ्या भोकाकडे बघायचं. हा सेंटर बोअर. कंपनीच्या मूळ चाकाचं भोक हबच्या मधल्या उंचवट्यावर अगदी नेमकं बसतं. बाहेरून विकत मिळणारी चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. समजा चाकाचा बोअर ७३.१ आणि हबचा उंचवटा ६०.१ मिलिमीटरचा. मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी मिळते, तिला हबरिंग म्हणतात. गाडीचं वजन ही कडी पेलत नाही. ते पेललं जातं नटांनी चाक आणि हब एकमेकांवर घट्ट दाबून ठेवल्यामुळे. कडीचं काम एवढंच, की नट आवळेपर्यंत चाक बरोबर मध्यावर धरून ठेवणं. ती नसेल तर चाक केसभर सरकलेलं बसू शकतं. मग वेग वाढला की स्टीअरिंग थरथरायला लागतं, आणि मालक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करून घेतो तरी थरथर जात नाही. चाकाचं भोक हबपेक्षा लहान असेल तर तो विषयच संपला. दुसरं चाक बघा.

नटांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. नट चाकाला जिथे टेकतो त्या बैठकीचे मुख्य प्रकार तीन. साठ अंशांचा शंकू, गोलाकार, आणि वॉशरसकट सपाट. बाहेरची बहुतेक अलॉय शंकूच्या बैठकीची असतात. गाडीचे मूळ नट मात्र गोलाकार किंवा सपाट असू शकतात. गोल नट शंकूच्या खाचेत घातला तर तो पूर्ण न टेकता एका बारीक रेघेवर टेकतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरापर्यंत आवळणारा पाना, ‘कट्’ करतो, सगळं ठीक वाटतं, पण खरी पकड आलेलीच नसते आणि काही दिवसांत नट सैल होतात. म्हणून चाकाबरोबर त्याच्या बैठकीचे नट किंवा बोल्टही घ्यायचे. आट्यांचा पीच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, जुळायला हवा. १२ मिलिमीटरच्या स्टडमध्येच, म्हणजे हबमध्ये पक्क्या बसवलेल्या बोल्टमध्येच, १.५ आणि १.२५ असे दोन पीच सर्रास आढळतात. लांबीचा ठोकताळा असा, की आटे किमान बोल्टच्या व्यासाइतके आत जावेत. १२ मिलिमीटर आणि १.५ पीच असेल तर नटाचे निदान आठ पूर्ण फेरे हाताने मोजता आले पाहिजेत.

ब्रेक आणि ऑफसेट

पुढची पायरी ब्रेकची. ‘सोळा इंचाच्या डिस्कवर सोळा इंचाचं चाक’ असा हिशेब इथे चालत नाही. डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर बाहेरच्या बाजूलाही फुगलेला असतो आणि स्पोकची पाठ त्याला घासू शकते. एकाच मापाच्या दोन चाकांत एक बसतं आणि दुसरं अडकतं, ते स्पोकच्या वळणामुळे. आकड्यांवरून हे कळत नाही, चाक प्रत्यक्ष लावूनच बघावं लागतं.

आता ऑफसेट. या सगळ्या विषयात सगळ्यात कमी समजून घेतला गेलेला आणि गाडीच्या वागण्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारा आकडा हाच, असं मला वाटतं. चाक आडवं चिरलं अशी कल्पना करा. त्याच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ मारा. आता चाक हबला जिथे टेकतं ती सपाटी बघा. या दोघींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये म्हणजे ऑफसेट, चाकावर ईटी म्हणून लिहिलेला. सपाटी मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आजच्या बहुतेक मोटारींचा तो धनच असतो. ईटीचा आकडा जितका मोठा, तितकं चाक गाडीच्या पोटात. आकडा लहान झाला की चाक बाहेर येतं.

एक हिशेब करून बघू. मूळ चाक ६.५ जे, म्हणजे साडेसहा इंच रुंद, आणि ईटी ४५. आवडलेलं चाक ७.५ जे, ईटी ३५. रुंदी एक इंचाने, म्हणजे २५.४ मिलिमीटरने वाढली. ती दोन्ही बाजूंना सारखी वाटली तर प्रत्येक बाजूला १२.७. ऑफसेट दहाने कमी झाला, म्हणजे अख्खं चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक १०, म्हणजे २२.७ मिलिमीटर जास्त. आतल्या बाजूला १२.७ वजा १०, म्हणजे २.७ मिलिमीटर जास्त. आत शॉक अ‍ॅब्सॉर्बरजवळ फारसा फरक नाही, पण बाहेर टायर जवळपास इंचभर पुढे आला. मडगार्डच्या कडेला तो घासेल का, पूर्ण भरलेली गाडी खड्ड्यातून गेल्यावर काय होईल, हा विचार चाक विकत घ्यायच्या आधीच करता येतो. कागद-पेन्सिल पुरते.

घासणं निदान ऐकू तरी येतं. न ऐकू येणारा परिणाम वेगळाच आहे. स्टीअरिंग फिरवताना पुढचं चाक ज्या कललेल्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत मिळतो. टायर रस्त्याला टेकतो त्याचा मध्य या बिंदूपासून किती दूर असावा, हे गाडी घडवणाऱ्यांनी मिलिमीटरच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. ऑफसेट कमी केला की हा मध्य बाहेर सरकतो आणि टायरवर येणाऱ्या प्रत्येक धक्क्याला स्टीअरिंग ओढायला लांब तरफ मिळते. एका बाजूचं चाक ओल्या पट्ट्यावर आणि दुसरं कोरड्यावर असताना ब्रेक दाबला तर गाडी बाजूला ओढली जाते. रस्त्यावर चाकोऱ्या पडलेल्या असतील तर स्टीअरिंग त्यांच्या मागे जातं. बेअरिंगवरचा भारही बाहेरच्या बाजूला सरकतो आणि ते लवकर आवाज करायला लागतात. अलाइनमेंट कितीही नीट केली तरी हे भरून निघत नाही. चाकामागे स्पेसर लावणं हाही ऑफसेट कमी करण्याचाच मार्ग आहे. दहा मिलिमीटरचा स्पेसर लावला की ईटी ४५ चं चाक ईटी ३५ सारखं वागतं. वर बोल्टची पकडही तेवढी कमी होते, म्हणून लांब बोल्ट घेणं भाग पडतं.

माझा सल्ला असा, की मूळ ऑफसेटपासून पाच मिलिमीटरच्या आतबाहेर राहावं. रुंदी वाढवायचीच असेल तर ती कोणत्या बाजूला किती जाते, याचा वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय होकार देऊ नये.

इंच वाढवायचे, पण टायर तेवढाच उंच ठेवायचा

टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असं लिहिलेलं असतं. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ५५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. व्ही हे वेगाचं अक्षर, कमाल २४० किलोमीटर प्रतितास.

उभ्या टायरची एकूण उंची काढणं अवघड नाही. २०५ चे ५५ टक्के ११२.७५. साइडवॉल वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २२५.५. सोळा इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. बेरीज ६३१.९. आता सतरा इंचाचं चाक घ्यायचं असेल तर अशी जोडी शोधायची की बेरीज याच्या आसपास येईल. २२५/४५ आर १७ घेतला तर ६३४.३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक. अठरा इंचात २२५/४० घेतला तर ६३७.२, फरक एक टक्क्याच्या आत. पण कोणी सतरा इंचाच्या रिमवर २०५/५५ च चढवला तर बेरीज ६५७.३ होते, म्हणजे चार टक्के जास्त. टायर मडगार्डला लागण्याची शक्यता वाढतेच, शिवाय स्पीडोमीटर बिघडतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी मूळ टायरांवर जेवढ्या वेगात असती त्यापेक्षा चार टक्के जास्त वेगात असते.

स्पीडोमीटरचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांतला ३९ वा नियम सांगतो. म्हणूनच बऱ्याच गाड्या वेग थोडा वाढवूनच दाखवतात. मोठा टायर ही राखलेली फट खाऊन टाकतो. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस आणि गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याची सतत तुलना करत असते, तेव्हा चारही टायरांचा घेर सारखा हवा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर याला पर्यायच नाही. तिथे घेर वेगळे झाले तर गिअरच्या यंत्रणेवर सतत ताण येत राहतो. एकूण उंचीतला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा असं माझं मत.

रिमची रुंदी आणि टायरची रुंदी यांचंही नातं ठरलेलं असतं. २०५/५५ आर १६ ला साडेपाच ते साडेसात इंच रुंदीची रिम चालते. २२५/४५ आर १७ ला सात ते साडेआठ. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची एक फॅशन आहे. त्यात साइडवॉल बाहेरच्या बाजूला तिरकी होते, रिमची कडा उघडी पडते आणि जोरात वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. दिसण्यासाठी एवढी जोखीम घेऊ नये, हे मी मनापासून सांगतो.

आणि साइडवॉल. वरच्या उदाहरणात सोळा इंचात ती ११२.७५ मिलिमीटर होती, सतरा इंचात १०१.२५ झाली आणि अठरा इंचात ९० उरली. गाडीचा भार टायरमधली हवा पेलते, आणि खड्ड्याची कडा व रिमची कडा यांच्यामध्ये जी जागा असते ती ही साइडवॉलच. ती लहान झाली की वळणावर गाडी चटपटीत वाटते, स्टीअरिंगला लगेच प्रतिसाद मिळतो, हे खरं आहे आणि त्याचा आनंदही खरा आहे. पण खड्ड्यात चाक आदळलं की टायर दोन कडांमध्ये चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि साइडवॉलवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. रस्ते खराब असतील तर कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी लहान रिम आणि उंच साइडवॉल घ्यावी. गुळगुळीत रस्ते असतील आणि मोह होत असेल तर एक इंच वाढवावा. दोन इंचांनंतर फायदा दिसण्यापुरताच उरतो. मान्य मापं आणि हवेचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत असतात. तिथून सुरुवात करावी.

वजन, धातू आणि भार

स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक वगैरे, जितकं कमी तितका टायर खड्ड्यांतून जाताना रस्त्याला चिकटून राहतो. जड चाक उसळलं की ते परत खाली दाबायला स्प्रिंगला वेळ लागतो आणि तेवढा वेळ टायरची पकड नसते. शिवाय चाक पुढे तर जातंच, पण फिरतंही. गाडीचा वेग वाढवताना चाकाच्या अगदी कडेचा एक किलो जवळपास दोन किलोंसारखा वागतो. चाक मोठं केलं की धातू आणखी बाहेर जातो. म्हणून ‘अलॉय म्हणजे हलकं’ हे गृहीत धरू नये. सतरा-अठरा इंचाचं स्वस्त ओतीव अलॉय मूळच्या पंधरा इंची लोखंडी चाकापेक्षा जड भरू शकतं. दुकानात वजनकाटा मागा. चाक काट्यावर ठेवायला कोणी नाही म्हणत असेल तर त्यातूनही काहीतरी कळतंच.

बनवण्याच्या पद्धतीनुसार ताकद बदलते. साध्या ओतीव चाकात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात जातं. ते परवडतं, पण ताकद मिळवायला धातू जाड ठेवावा लागतो. फ्लो-फॉर्मिंगमध्ये आधी ओतून घेतलेल्या चाकाचा बाहेरचा पट्टा गरम करून, फिरवत, रोलरने दाबत ताणतात. त्यामुळे तो पट्टा पातळ पण चिवट होतो. फोर्ज्ड चाक घन धातूवर प्रचंड दाब देऊन घडवतात. ते सगळ्यात हलकं, मजबूत आणि महाग. रोजच्या गाडीला फ्लो-फॉर्म्ड हा मला सगळ्यात समंजस मध्यम मार्ग वाटतो. आणि साधी लोखंडी चाकं वाईट नाहीत, हेही इथे सांगायला हवं. ती आघाताने वाकतात, पण अलॉयसारखी तडकत नाहीत. वाकलेली कडा बऱ्याचदा सरळ करता येते. खडबडीत रस्त्यांवर हा मोठा गुण आहे.

तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून विकलं जातं, त्यापासून सावध राहा. या मिश्रधातूला ताकद येते ती ओतल्यानंतर ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा तापवण्याच्या प्रक्रियेतून. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेपुरता तो परिणाम पुसला जातो आणि जोडाच्या शेजारचा धातू मऊ पडतो. वापरलेलं चाक घेताना मागची बाजू स्वच्छ धुऊन घ्या, प्रकाश तिरका पाडा आणि स्पोकच्या मुळाशी व आतल्या कडेला बोट फिरवा. केसासारखी रेघ लागली तर ते चाक परत द्या. नुकताच जाड रंग दिलेलं चाक असेल तर दुप्पट शंका घ्या.

आता चाकामागचा किलोतला आकडा. गाडीच्या कागदपत्रांत किंवा पाटीवर प्रत्येक अ‍ॅक्सलला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीला, परवानगी असलेला कमाल भार दिलेला असतो. जास्त भाराच्या अ‍ॅक्सलचा आकडा घेऊन त्याचा अर्धा करायचा. अ‍ॅक्सल ११०० किलोचा असेल तर प्रत्येक चाकाची क्षमता किमान ५५० हवी. टायरचा भारांकही मूळपेक्षा खाली जाता कामा नये. इलेक्ट्रिक गाड्यांत हे फार जपावं लागतं, कारण बॅटरीमुळे त्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा बऱ्याच जड असतात. दिसायला सारख्या छोट्या गाडीची चाकं इथे कमी पडू शकतात.

चाचणीच्या खुणाही मागेच असतात. जेडब्ल्यूएल हे जपानचं हलक्या मिश्रधातूच्या चाकांचं मानक. वळणावरचा थकवा, भाराखाली फिरण्याचा थकवा आणि आघात अशा चाचण्या त्यात येतात. ही खूण उत्पादक स्वतः लावतो. तिच्या जोडीला व्हीआयए असेल तर चाचण्यांची पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून झालेली असते. जर्मनीतल्या टीयूव्ही संस्थांची प्रमाणपत्रं आणि संयुक्त राष्ट्रांचा बदली चाकांसाठीचा १२४ वा नियम, हेही विश्वासाचे. नामांकित डिझाइनची नक्कल केलेल्या चाकांवर यातलं काहीच नसतं, किंवा खूण असते आणि कागद नसतो. कागद मागायला लाजू नका. या चाकांवर अख्खं कुटुंब प्रवास करणार असतं.

लावून बघणं

चाकावर टायर चढवण्यापूर्वी एक कोरं चाक पुढे आणि एक मागे लावून बघा, कारण टायर चढवलेलं चाक सहसा कोणी परत घेत नाही. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, नाहीतर चाक सपाट टेकत नाही. नट हाताने लावा, चाक हळूहळू फिरवा आणि कान देऊन ऐका. कॅलिपर आणि स्पोक यांच्यात काही मिलिमीटर मोकळी जागा दिसलीच पाहिजे. बॅलन्सिंगचं वजन आतून चिकटवणार असाल तर त्याची जाडीही मोजा. मग एका चाकावर टायर चढवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा. मागच्या सीटवर माणसं बसवून गाडी दाबली गेल्यावर पुन्हा बघा. गाडीत हवेचा दाब सांगणारे सेन्सर असतील तर ते नव्या चाकात बसतात का, हे याच वेळी तपासा.

नट नेहमी समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, गाडीसाठी दिलेल्या टॉर्कवर. बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांत तो ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. हवेच्या गनने आवळून दिलेले नट मापात आहेत असं धरून चालू नये. गनने नट फार घट्ट झाला की स्टड ताणला जातो आणि रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर तो निघतही नाही. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर चाकं थंड असताना सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, कारण नव्या चाकाची बैठक सुरुवातीला थोडी दबते.

मूळचे नट फेकून देऊ नका. स्टेपनी अजून जुन्या चाकाचीच असेल तर तिला नव्या अलॉयचे शंक्वाकार नट कदाचित नीट बसणार नाहीत. एका चाकाला पुरतील एवढे जुने नट आणि पाना पिशवीत घालून स्टेपनीच्या खाचेतच ठेवा.